दोन पाण्यांमधला दरवाजा

मी एक दरवाजा बोलतोय. माझ्या आत घर नाही आणि बाहेर अंगण नाही. माझ्या एका अंगाला वरचं पाणी असतं, दुसऱ्या अंगाला खालचं. दोन्ही पाण्यांत उभ्या माणसाच्या खांद्याइतका फरक आहे, आणि तो फरक छातीवर घेऊन मी उभा असतो. सूर्यमाळच्या डोंगराखाली, मोखाड्याच्या रस्त्यापासून बरीच आत एक नदी आहे. तिच्यावर दगडी बंधारा आहे. त्या बंधाऱ्याच्या टोकाला, कातळात खोदलेल्या चरात माझी जागा. रस्त्यावरून मी कुणाला दिसत नाही. होडीत बसून यावं लागतं.

जातीने मी साग. झाड होतो तेव्हाचं फारसं आठवत नाही. वनखात्याने मला तोडलं, चिरलं आणि याच नदीवर माणसांना पायी जाता यावं म्हणून जो साकव बांधला, त्याच्या फळ्या केल्या. तीसेक वर्षं मी लोकांच्या पायांखाली होतो. डोक्यावर मोळी घेतलेली बाई कशी टाच आधी टेकते, बाजाराहून परतणारा माणूस मधोमध थांबून विडी कशी पेटवतो, शाळेची पोरं मुद्दाम उड्या मारून मला कशी हलवतात, हे सगळं मला पाठ होतं. वरच्या पाड्यावरची माणसं साकवावरून यायची आणि पाऊलवाटेने तासाभरात रस्त्याला लागायची.

मग बंधारा आला. तो यायलाच हवा होता. चैत्र-वैशाखात या बाजूच्या बाया एका हंड्यासाठी डोंगर उतरून चढतात, हे मी रोज पाहत होतो. बंधारा झाला आणि वर मैलभर तळं साठलं. पण त्याच सुमाराला खालच्या मोठ्या धरणाचा फुगवटा वाढत वाढत थेट बंधाऱ्याच्या पायथ्याला येऊन टेकला. पाऊलवाट बुडाली. साकव बुडणार म्हणून आधीच उखडला आणि माझ्या फळ्या बंधाऱ्याच्या काठावर रचून ठेवल्या. तिथे मी चार वर्षं पडून राहिलो. शेळ्या माझ्यावर बसायच्या. पुढे माझं काय करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं.

आता वरच्या पाड्याची वाट पाण्यावरून जायला लागली. जयवंती नावाची एक बाई होडी चालवायची. नवरा वारल्यावर तिने स्वतःच वल्हं मारायला शिकून घेतलं होतं. तिच्या दोन होड्या होत्या, एक वरच्या पाण्यात, एक खालच्या. वरच्या होडीने बंधाऱ्यापर्यंत यायचं, तिथे उतरायचं, बंधाऱ्याच्या कडेने दगडाच्या पायऱ्या उतरायच्या आणि खालच्या होडीत बसायचं. खालची होडी मोखाड्याच्या रस्त्यावरच्या पुलापर्यंत जायची. पुलावर जीप मिळायची. तांदळाची गोणी असो, आजारी माणूस असो, सगळ्यांची त्या पायऱ्यांवरून हातोहात उतरणी व्हायची. पायऱ्यांवर बंधाऱ्याचं पाणी झिरपत असे. बारा महिने तिथे शेवाळ.

एका डिसेंबरात तिथे चंदना घसरली.

ती वरच्या पाड्यावरच्या मंगळूची मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी करायला आली होती, सातवा महिना होता. पोटात दुखायला लागलं म्हणून आई, सुकी, तिला दवाखान्यात घेऊन निघाली. जयवंतीने एक हात धरला होता, सुकीने दुसरा. तरी तिसऱ्या पायरीवर तिचा पाय सटकला. मी चार हातांवर पडून होतो. मला उठून जाता येत नव्हतं. ती ओरडली नाही. दगडावर बसली आणि दोन्ही हातांनी पोट धरून राहिली. मोखाड्याला पोहोचेपर्यंत दुपार झाली. बाळ वाचलं नाही.

त्यानंतर चंदनाने होडीत पाय ठेवला नाही. तिचा नवरा जगन ठाण्याला बांधकामावर होता. तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, आणि ती त्याच्यासोबत बाजाराला निघाली तरी डोंगराच्या धारेवरून दीड कोस चालून रस्त्याला लागायची. बंधारा दिसेल अशा वाटेलाही ती जात नसे.

मंगळू तेव्हा मुंबईला होता. बावीस वर्षं त्याने गोदीत काम केलं होतं. बातमी कळली तसा तो नोकरी सोडून आला आणि परत गेला नाही. सुरुवातीचे कितीतरी दिवस तो सकाळी येऊन माझ्या फळ्यांवर बसायचा. एकदा वरच्या पाण्याकडे बघायचा, एकदा खालच्या. मला वाटायचं, लेकीच्या दुःखाने याचं डोकं फिरलंय. मग एक दिवस त्याने येताना बांबू आणला. बांबूवर कोयत्याने खाचा पाडल्या आणि तो दोन्ही पाण्यांत उभा करून बघितला. बंधाऱ्याच्या टोकाला एक चर होता. बंधारा बांधताना नदीचं पाणी तात्पुरतं वळवायला तो कातळातून खोदला होता आणि काम झाल्यावर मातीने बुजवला होता. मंगळूने तोही पावलांनी मोजला. त्या दिवसापासून त्याचं बसणं थांबलं.

शाळेतले तुळशीदास गुरुजी साखरशेतचे. अर्ज लिहायचा, कागद वाचायचा तर लोक त्यांच्याकडेच जात. मंगळू त्यांना आणि पाड्यातल्या दहा-बारा माणसांना घेऊन बंधाऱ्यावर आला.

"गोदीत मी दरवाज्यावर होतो," तो म्हणाला. "ओहोटीला दर्या खाली जातो, पन गोदीतलं पानी खाली जात नाय. दरवाजा धरून ठेवतो त्याला. मोठी बोट आत-बाहेर करायची तर दोन दरवाज्यांच्या मधी घ्यायची. आपल्याला तसंच करायचं. या चरात एक खोली. वरच्या बाजूला एक दरवाजा, खालच्या बाजूला एक."

"आणि होडी खाली कशी उतरवायची? दोरीनं?" गुरुजींनी विचारलं.

"होडीला हातच लावायचा नाय. वरनं होडी खोलीत आली की मागचा दरवाजा लावायचा. पुढच्या दरवाज्याला एक खिडकी ठेवायची, ती उघडायची. खोलीतलं पानी खाली जातं. पानी उतरलं की होडी आपसूक उतरते. दोन्हीकडचं पानी एक झालं की दरवाजा उघडायचा आणि जायचं. वर येताना उलटं."

कुणीतरी हसलं. जयवंती मात्र हसली नाही. तिने विचारलं, "माणूस बसलेला उठवावा लागंल का?"

"नाय. झोपलेला असला तरी चालंल," मंगळू म्हणाला.

ग्रामसभेने ठराव केला. बंधाऱ्याच्या भिंतीला हात लावायचा नाही, चरात काय करायचं ते तुमच्या जबाबदारीवर करा, असं सांगून बंधारा बांधणाऱ्या खात्याचे साहेब गेले. उन्हाळ्याच्या अगदी शेवटी खालचं पाणी काही दिवस मागे सरलं, तेव्हा लोकांनी श्रमदानाने चर उपसला आणि दोन्ही बाजूंनी दगडी भिंती उचलल्या. लाकडाचा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली.

पोशेऱ्याच्या देवराम सुताराने मला रंधा मारला. वरचा काळा थर गेला आणि आतून मी अजून पिवळा निघालो, तेव्हा तो मंगळूला म्हणाला, "हा अजून पुष्कळ चालेल." त्याने माझ्या दोन झडपा केल्या. त्या घराच्या दारासारख्या सरळ मिटत नाहीत. जोडलेल्या हातांसारख्या तिरक्या भेटतात आणि मधलं टोक वरच्या पाण्याकडे काढतात. मंगळूचा यावर फार कटाक्ष होता. असं केलं की पाणी जितकं जोराने ढकलेल तितक्या झडपा एकमेकींना घट्ट धरतात. मला कडी नाही, अडसर नाही. पाणीच मला लावून ठेवतं. ढकलायला प्रत्येक झडपेला एक लांब दांडा आहे. खाली एक खिडकी, तिच्यावर लोखंडी पत्रा, आणि पत्रा वर खेचायला सळई. वरच्या बाजूला अशीच एक जोडी बसवली, ती माझ्या निम्म्या उंचीची. तो माझा धाकटा भाऊ. मी खालचा दरवाजा, थोरला. या मधल्या जागेला लोक पाण्याची खोली म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी फजिती झाली. दिवाळी उरकली होती, दोन्हीकडचं पाणी भरलेलं होतं, अख्खा पाडा काठावर जमला होता. जयवंतीने रेशनच्या तांदळाच्या गोण्या भरून होडी पुलाकडून आणली आणि ती माझ्यातून खोलीत आली. मी मिटलो. मंगळू मला तपासत होता, तेवढ्यात उत्साहात कुणीतरी धाकट्याची खिडकी एकदम सगळी उघडली. पाणी आत उसळलं. होडी भिंतीवर आपटली, दोन गोण्या पाण्यात गेल्या आणि जयवंती कमरेपर्यंत भिजली. लोकांनी गोण्या बाहेर काढल्या, पण मंगळूचा चेहरा पडला. जयवंतीने लुगडं पिळलं आणि ती म्हणाली, "पुन्हा करू. या बारीला हळू."

दुसऱ्या वेळी मंगळूने खिडकी चार बोटं उघडली. पाणी शांतपणे चढत गेलं आणि त्याच्यासोबत होडी चढली, तीत बसलेली जयवंती चढली. आधी तिचं डोकं भिंतीवर आलं, मग खांदे, मग ती अख्खी काठावरच्या लोकांसमोर आली. धाकटा उघडला आणि ती वल्हं मारत वरच्या पाण्यात निघून गेली. इतकी वर्षं लोक माझ्यावरून चालले होते, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी उचललं.

त्या हिवाळ्यात पायऱ्यांवरून कुणी उतरलं नाही. म्हातारी माणसं बसल्या जागी खाली गेली. वीतभर बाळाला घेऊन एक ओली बाळंतीण वर आली आणि वाटेत तिची झोपही मोडली नाही. माणसांची एक सवय मला तेव्हा कळली. त्यांना चालायला कितीही सांगा, ती चालतील. थांबायला सांगितलं की त्यांच्या हातापायांना मुंग्या येतात. पाणी एक व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी दांडा ढकलून बघतो, कुणी खिडकीत काठी घालतो. दोन्ही पाण्यांत वीतभर फरक असला तरी दहा माणसांना मी उघडत नाही. फरक संपला की एका हाताने उघडतो. यात माझा हट्ट नाही, पण लोकांना तो हट्टच वाटायचा.

दुसऱ्या वर्षी भांडण झालं, आणि त्यात मी दोषी निघालो.

वरच्या पाण्याच्या काठाला पाड्यातल्या बुध्याचा मोगरा होता. त्याने भाताच्या पलीकडे काहीतरी लावून बघायचं ठरवलं होतं. खडकातून माती गोळा करून, बायकोच्या मदतीने एकेक रोप जगवलं होतं. उन्हाळ्यात तो वरच्या पाण्यावर इंजिन लावून मोगऱ्याला पाणी द्यायचा. मार्च लागला आणि त्याला वरचं पाणी भराभर उतरताना दिसलं. एका सकाळी तो साखळी घेऊन आला आणि त्याने माझे दोन्ही दांडे एकमेकांना बांधून कुलूप घातलं.

"तुझी होडी एकदा गेली की खोलीभर पानी खाली जातं," तो मंगळूला म्हणाला. "दिवसातून सहा वेळा जाते. चैत्रात पानी नाय मिळालं तर मोगरा कळी धरत नाय. मी काय करू?"

"माणसं काय करतील बुध्या? पुन्हा पायऱ्या उतरतील?"

"मला पायऱ्या दिसत नाय का? मलाबी दिसतात. पन माझी झाडं तहानेली हायेत."

मंगळूला राग आला होता, पण बुध्याचं म्हणणं खोटं नव्हतं. होडी गेली की खोलीभर पाणी जातं, हे खरंच आहे. जयवंती मध्ये पडली. "तीन दिवस होड्या बंद. काठी रोवा आणि बघा पानी किती उतरतं. मंग तीन दिवस होड्या चालू, तेवाबी बघा. मंग भांडा."

काठी रोवली. होड्या बंद असलेल्या तीन दिवसांत पाणी दोन बोटं उतरलं. चालू असलेल्या तीन दिवसांत दोन बोटं आणि वर एक नख. बुध्याने स्वतः खाचा पुन्हा पुन्हा मोजल्या.

"होड्यांचं नखभर हाय," जयवंती म्हणाली. "बाकीचं थोडं ऊन पितं, थोडं तुझं इंजिन. तरी उरतं. ते कुठं जातं ते बघाय नको?"

ती माझ्या खालच्या अंगाला होडी घेऊन आली आणि वल्हं न मारता नुसती बसून राहिली. मला माहीत होतं तिला काय दिसणार आहे. माझ्या दोन झडपा जिथे भेटतात तिथे उन्हाने लाकूड आखडलं होतं. फटीतून पाण्याची धार अखंड चालू होती, बघता बघता हंडा भरेल अशी. त्यातून धाकटा कायम उघडा ठेवलेला, म्हणजे अख्ख्या तळ्याचं पाणी माझ्यावरच यायचं. दिवसरात्र मी गळत होतो. होड्यांनी नेलं त्याहून जास्त पाणी मी एकटा सांडत होतो. लोक एकमेकांना दोष देत होते आणि मला तोंड नव्हतं.

मंगळूने माझ्या फटीवर तळहात ठेवला. तो म्हणाला, "आता डांबर लावायचं तर सगळं पानी सोडावं लागंल."

सुकी काठावर उभी होती. ती एरवी पुरुषांच्या बोलण्यात पडत नसे. "खाचराच्या बांधाला खेकडा भोक पाडतो तवा आपण बांध फोडतो का?" ती म्हणाली. "वरनं तूस टाकतो. पानी ओढून नेतं आणि भोक बुजतं."

ती घरी जाऊन भाताच्या तुसाची पाटी घेऊन आली आणि माझ्या वरच्या अंगाला, पाण्यावर मुठीमुठीने तूस सोडलं. पाण्याने ते ओढून माझ्या फटीत नेलं. कोंडा माझ्या रेषारेषांत बसला, फुगला. धार बारीक झाली, मग तिचे थेंब झाले, मग तेही थांबले. बुध्याने माझ्या दांड्यांवरची साखळी सोडली आणि खांद्यावर टाकून गेला. त्या दिवसापासून धाकट्यालाही मिटून ठेवायला लागले, आणि दर पंधरवड्याला तूस टाकायचं काम सुकीने आपल्याकडे घेतलं.

महिन्याभराने बुध्या पहाट फुटताना कळ्यांच्या पाट्या घेऊन आला. मोगऱ्याची कळी ऊन चढायच्या आत रस्त्याला लागली पाहिजे, नाहीतर उमलून जाते. आधी तो डोक्यावरून नेत असे. आता पाट्या होडीत ठेवून तो खोलीत उतरायचा. दोन दगडी भिंती, खाली जाणारं पाणी आणि मोगऱ्याचा वास. तो वास खोलीत कोंडून राहायचा आणि होडी गेल्यावरही कितीतरी वेळ माझ्याजवळ असायचा.

या सगळ्या काळात चंदना एकदाही आली नव्हती. बाप घरी गेल्यावर रोजचं सगळं सांगायचा, आज खिडकी अडकली, आज दांड्याला तेल दिलं, आज वरच्या उंबरठ्यावर होडी टेकता टेकता राहिली. ती चुलीपाशी बसून ऐकायची, असं सुकी जयवंतीला सांगायची. पण यायची नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सकाळच्या कामातच मंगळूला झटका आला. नागलीचं पोतं उचलताना तो खाली बसला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. उजवा हात हलेना. जयवंतीने होडी पाड्याच्या काठाला लावली, चौघांनी त्याला आत निजवलं, सुकी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गुरुजींनी पुलावर गाडी बोलावली. होडी निघाली तेव्हा जयवंतीच्या लक्षात आलं की दरवाज्यावर कुणीच नाही. दरवाज्यावर रोज मंगळूच असायचा. बुध्या बाजाराला गेला होता, बाकीचे पुरुष कामाला लांब. आणि जयवंतीला होडी सोडता येत नव्हती. पाणी उतरताना होडीचं मागचं टोक धाकट्याच्या उंबरठ्यावर अडकलं तर होडी पुढे कलते. बांबूने तिला पुढे धरून ठेवणारं कुणी तरी आत लागतंच.

मी वाटेकडे पाहत होतो. काठाच्या पायवाटेने एक बाई पळत येताना दिसली. पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी. त्या डिसेंबरानंतर मी तिला पाहिलं नव्हतं, पण लगेच ओळखलं.

चंदना होडीच्या आधी पोहोचली. तिने इकडेतिकडे बघितलं. पायऱ्या तिच्या अगदी समोर होत्या. त्यांच्याकडे बघून ती क्षणभर थांबली, मग तिने पाठ फिरवली आणि धाकट्याचा दांडा धरला. होडी खोलीत आली. तिने धाकट्याला मिटलं, धावत माझ्याकडे आली आणि सळई दोन्ही हातांनी वर खेचली. सगळीच. पाणी माझ्या खिडकीतून भसाभस निघालं, होडीला हिसका बसला, सुकी मंगळूवर वाकली.

मंगळूने डावा हात वर केला. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने अंगठा मुडपला आणि चार बोटं दाखवली.

चंदनाने सळई खाली सोडली. चार बोटं राहतील इतकीच खिडकी ठेवली आणि ती माझ्या माथ्यावरच्या फळीवर उभी राहिली. बाप हळूहळू खाली चालला होता. तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. जयवंती बांबू टेकवून म्हणत होती, "बरोबर चाललंय बाय, बरोबर चाललंय." मी माझ्या परीने एवढंच केलं की थरथरलो नाही.

पाणी जवळजवळ एक झालं तेव्हा तिला धीर धरवेना. तिने दांड्याला खांदा लावला. मी उघडलो नाही. तिने पाठ लावली, पाय कातळात रोवले. मी उघडलो नाही. अजून बोटभर फरक होता. ती दांड्यावर डोकं टेकून रडायला लागली, त्या डिसेंबरात रडली नव्हती तशी. मला उघडायचं होतं. दरवाज्याला जे काही मन असतं त्या मनाने मी तिच्या बाजूला होतो, पण माझ्या छातीवरचं पाणी माझं ऐकत नव्हतं. रडता रडता तिचा जोर गेला. तिने ढकलणं सोडलं आणि ती नुसती टेकून उभी राहिली. तेवढ्यात फरक संपला. तिच्या अंगाच्या नुसत्या भाराने माझी झडप सरकली. तिने दचकून मान वर केली आणि मी उघडत गेलो.

होडी पुलाकडे गेली. चंदना ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. मग तिने मला मिटलं, खिडकी खाली केली, सळई पुसली आणि वर गेली.

मंगळूला मोखाड्याहून नाशिकला नेलं. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा दरवाज्यावर चंदनाच होती. मधले सगळे दिवस तीच होती. बाप खालून वर चढत तिच्या समोर आला. त्याची जीभ जड झाली होती. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि शब्द जुळत नव्हते. शेवटी तो म्हणाला, "सळईला... ग्रीस लाव. करकरते."

"लावते बाबा," ती म्हणाली.

आता माझं सांगतो. मी थकलोय. माझ्या टाचेला, जिथे झडप फिरते तिथे, लाकूड भुसभुशीत झालंय. देवराम मागच्या महिन्यात आला होता. त्याने तिथे बोट खुपसलं तर ते आत गेलं. गेल्या पुरात एक ओंडका येऊन माझ्यावर आदळला, तेव्हापासून डावी झडप जराशी वाकडी मिटते आणि सुकीचं तूस आता आठवड्याला लागतं. पाहणीला नवे साहेब आले होते. ते एक अख्खी दुपार थांबले, होडीत बसून दोनदा खाली गेले आणि दोनदा वर आले. पावसाळ्यानंतर लोखंडी दरवाजे बसवायचं ठरलंय. मला त्याचं वाईट वाटत नाही. लाकडाने पाण्यात किती वर्षं उभं राहायचं, यालाही मर्यादा आहे.

माझी विनंती एवढीच आहे, आणि ती त्या नव्या दरवाज्याला कमी आणि तुम्हाला जास्त आहे. खिडकी चार बोटंच उघडा. आणि माणसं आतल्या होडीत असताना काठावरच्यांनी घाई करू नये. तुमची पाच-सात मिनिटं जातील. आतल्या माणसाला त्याहून जास्त काही सोसावं लागलेलं असतं.

लोखंडी दरवाज्याच्या खिडकीचं चक्र एका फेऱ्यात सगळं उघडणारं असणार, असं चंदनाला नकाशात दिसलं. ते तिला पटलं नाही. साहेबांना समोर बसून सांगायचं म्हणून आज मोखाड्याला बैठकीला ती स्वतः निघाली आहे. डोंगराच्या धारेवरून गेली असती तर वेळेवर पोहोचली नसती. ती काठावर उभी राहिली, पुष्कळ वेळ. मग होडीत उतरली आणि मधल्या फळीवर बसली. दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. दरवाज्यावर मंगळू होता. उजवा हात खिशात, डाव्याने त्याने सळई उचलली. दांडा ढकलायला बुध्या आला होता.

पाणी उतरायला लागलं. चंदनाने डोळे मिटले. जयवंती बांबू धरून राहिली. निम्म्यावर आल्यावर चंदनाने डोळे उघडले आणि भिंतीवरच्या ओल्या खुणा वर वर जाताना बघत राहिली. मंगळूने एकदाही घाई केली नाही. पाणी एक झालं, बुध्याने दांड्याला हात लावला, मी उघडलो. होडी माझ्या दोन झडपांमधून जाताना तिने कडेवरचा एक हात सोडला आणि माझ्या ओल्या फळीवरून फिरवत नेला, टोकापर्यंत.

मग होडी खालच्या पाण्याला लागली. आता बुध्या मला मिटतोय. चंदना संध्याकाळच्या आत परत येईल, तोवर मला हे पाणी धरून ठेवायचं आहे.